निरीक्षण-विहीर क्रमांक चारबाबतची माझी तक्रार

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, व्यवसाय भूजल तपासणी, राहणार बंद पेट्रोल पंपासमोरील इमारत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की:

सदर पंपाच्या आवारात जमिनीखाली इंधनाच्या तीन टाक्या होत्या. त्या काढून खड्डे बुजवलेले आहेत. पूर्वी झिरपलेले इंधन भूजलात उतरले आहे काय, हे पाहण्यासाठी आवारात चार अरुंद निरीक्षण-विहिरी आहेत. त्यांची जागा आणि खोली मी ठरवली. नमुने मीच घेते. आजवरचे सर्व अहवाल, पाणी निर्दोष असल्याचे, माझ्या सहीने गेले.

आवाराच्या भिंतीला लागून माझ्या थोरल्या बहिणीची लाँड्री आहे. तिथे तिच्या स्वतःच्या बोअरचे पाणी वापरले जाते. तो बोअर तपासणीच्या आराखड्यात नव्हता. आराखडा माझा होता.

दोन महिन्यांपूर्वी बहीण मला दुकानाच्या दारात म्हणाली, "अगं, चादरींना पेट्रोलचा वास मारतोय. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, हिच्यावर पडून विडी ओढली तर चालेल ना?"

मी म्हणाले, "ताई, नाक म्हणजे उपकरण नव्हे."

ती म्हणाली, "नसेल बाई. पण तुझ्या उपकरणालाच सर्दी झाली असेल तर?"

यावर तिचा इस्त्रीवाला मोठ्याने हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकेही हसली. याची नोंद माझ्या पहिल्या तक्रारीत नाही.

गेल्या महिन्यात नमुना घेताना विहीर क्रमांक चारमध्ये पाण्यावर बोटभर जाडीचा इंधनाचा थर आढळला. विहिरीच्या झाकणाला कुलूप नव्हते. मागच्या खेपेस तेथील पाणी स्वच्छ होते. त्यावरून, बहिणीने आपले म्हणणे खरे ठरवण्यासाठी विहिरीत पेट्रोल ओतले, अशी लेखी तक्रार मी त्याच दिवशी याच ठाण्यात दिली. तक्रारीची भाषा नेटकी होती. हवालदारांनी तिचे कौतुक केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला दुकानातून चौकशीसाठी आणण्यात आले. त्या वेळी वसतिगृहाची गाडी कपडे उतरवत होती. बहीण ओल्या हातांनीच निघाली. मी समोर माझ्या गॅलरीत होते. तिने वर पाहिले. मी आत गेले.

यानंतर निष्पन्न झालेल्या बाबी अशा. प्रयोगशाळेच्या तपासणीत थरातील पेट्रोल शिसेयुक्त आढळले. असे पेट्रोल विकणे कित्येक वर्षांपूर्वी बंद झाले आहे. ते बहिणीला कोणत्याही दुकानात मिळणे शक्य नव्हते. ते टाक्यांचेच आहे. कुलूप माझ्या उपकरणांच्या पेटीत, हातमोज्यांखाली मिळाले.

आधी पाणी स्वच्छ का येत होते, असे ठाणे अंमलदारांनी विचारले. इंधन पाण्यापेक्षा हलके असते, ते तरंगते. विहिरीच्या नळीला ज्या भागात फटी असतात, तेथूनच बाहेरचे पाणी आत येते. मी त्या फटी पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली ठेवल्या. तरंगणारे इंधन वर, बिनफटीच्या नळीबाहेर राहिले, आणि मी खालचे पाणी तपासत राहिले. यंदा पातळी फटींपर्यंत उतरली, तेव्हा इंधन आत आले. ही बाब पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. मी ती स्वतः शिकवलेली आहे. बहिणीच्या बोअरचे पाणीही आता तपासले. त्यात इंधन आहे. लाँड्री सध्या नळाच्या पाण्यावर चालू आहे.

चालू आहे म्हणजे, उघडी आहे. "पोलिसांत नाव गेलेल्या ठिकाणी मुलींचे कपडे देता येणार नाहीत," असे वसतिगृहाने कळवले. बहिणीच्या कामापैकी निम्म्याहून अधिक काम वसतिगृहाचे होते. इस्त्रीवाल्याला तिने दुसरीकडे काम बघायला सांगितले आहे.

काल मी दुकानापाशी गेले. बहीण शटर अर्धे ओढून आत बसली होती. मी वाकून म्हणाले, "ताई, माझं चुकलं."

आतून ती म्हणाली, "तोंडी नको. तक्रार कशी दिली होतीस?"

मी म्हणाले, "लेखी."

"मग? वसतिगृहाच्या बाईंना मी काय तुझं तोंड नेऊन दाखवू?"

मी आत येऊ का, असे विचारले. ती म्हणाली, "वाकून यावं लागेल. जमेल का तुला?" मी तिथूनच परतले.

बहिणीने विहिरीत काहीही ओतलेले नाही. माझी तक्रार मी मागे घेते. माझ्याविरुद्ध जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. विहिरींतील दोषाचा अहवाल मी पंपमालक व संबंधित कार्यालयास आजच दिला आहे.

हा जबाब अंमलदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी "गैरसमजातून तक्रार दिली" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून "खात्री न करता आरोप केला" असे घालून घेतले. बाकी मजकूर मी सांगितल्याबरहुकूम आहे.

माझी मागणी एवढीच, की सदर आरोप निराधार असल्याचे ठाण्याच्या शिक्क्यानिशी लेखी उत्तर देण्यात यावे. ते माझ्या नावे नको. बहिणीच्या नावे काढावे, एक प्रत वसतिगृहास द्यावी, आणि ज्या हवालदारांनी तिला दुकानातून नेले त्यांनीच ते दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकांसमोर तिच्या हातात द्यावे.