आधीच टाकलेला धुरा

—अवं नूपुर, डोळे वटारू नको, बस इथं. अख्ख्या नागपुरात ग्रीक येणारा सासरा तुलेच भेटला — म्हणजे एकच शब्द येते, तोही तुझ्या अभ्यासातून उचललेला, न् कवळीत अडकते तो वेगळाच. प्रोओरिझो. ‘प्रो’ म्हणजे आधी, ‘होरिझो’ म्हणजे हद्द आखणे — तूच घोकून राहिली होती ना, पाद्री व्हायच्या परीक्षेले? आपल्या कळमेश्वरकडच्या बोलीत, वावर पेरायच्या आधीच धुरा, म्हणजे बांध, टाकून ठेवणे. कोणाचं वावर कुठवर, ते देवानं आधीच आखलं. मंग माह्या छातीचं वावर कुठवर तेही आखलंच असंल — डॉक्टर चाकू घेऊन काय नवा धुरा टाकणार हाय? म्हणून आलो निघून. हा हिरवा झगा घालूनच, मागच्या नाड्या सुटलेल्या — वॉर्डातल्या चौकीदारानं हटकलं, त्याले म्हटलं, नाटकाची तालीम हाय गा. हसला तो. तू नाही हसून राहिली.

न् त्या शब्दाची रूपं पाह्य. प्रोओरिसेन — त्यानं आखलं. प्रोओरिस्थेन्तेस — आधीच आखल्या गेलेले. म्हणजे आखणारा तो, आखल्या जाणारे आपण. ‘मी आखतो’ म्हणणारा माणूस बायबलात एक नाही, हे तूच म्हटलं. तर मी बायपासले हो म्हटलं काय न् नाही म्हटलं काय — नको, हात नको धरू. काय? पुन्हा झटका आला तर घरून इथवर पोचणार नाही? डॉक्टरनं मलेही तेच सांगितलं. ऐकू येते मले.

भ्यालो? मी काहून भिऊ? तुझी सासू याच दवाखान्यात हसत ऑपरेशनले आत गेली. मी म्हटलं, मनकर्णा, चष्मा देऊन जा, आत काय पेपर वाचायचा हाय? हसली ती — न् चष्मा माह्याच खिशात राह्यला. तिचा धुरा तिथंच होता, असं म्हटलं का झोप लागते मले. न् तो तिथं नसंल — कोणाचा हात चुकला असंल, नाहीतर मीच तिले दुसरीकडं न्यायले पाह्यजे होतं — तर मंग झोप लागत नाही, पोरी. म्हणून तो शब्द खरा पाह्यजे. आता आत जाऊन वाचलो, तर तीही वाचली असती, असं नाही का होत?

जाऊ दे. ऑपरेशन थेटरवाले थांबतीन, नाही तर जातीन. तू हे पाह्य — एवढा मोठा दवाखाना, एवढी माणसं, न् तू सरळ या निंबाखालच्या बाकावर आली. कोणी आणलं तुले? त्यानंच आखलं ना? बोल वं पाद्रीणबाई, आता बोल.

“‘निंबाखाली बसलो आहो, लवकर ये’ — असा फोन तुम्हीच केला ना, बाबा?”