हळदकुंकू मुठीला, तेल लोखंडाला

आदरणीय अध्यक्षा चारुताताई प्रधान, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते आपले काशिराम घरत मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी गुणाबाई, उलव्यापासून तळोज्यापर्यंतच्या कामांवर अर्धी रजा टाकून आलेले मास्तरांचे आजी-माजी विद्यार्थी, आणि दाराशी चहाच्या वासावर उभी असलेली मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी दमयंती नाखवा, उरणजवळच्या करंज्याची. अकरा वर्षांपूर्वी या केंद्रात सुतारकाम शिकायला आलेली पहिली मुलगी. पुढे मास्तरांची मदतनीस झाले, आणि सोमवारपासून मास्तरांचा वर्ग मी घ्यावा असं पत्र संस्थेने मला दिलं आहे. ‘मास्तरांची शिकवण’ या विषयावर बोलायला मला पाच मिनिटं मिळाली आहेत. पाच मिनिटांत मास्तर एका पटाशीला धारसुद्धा लावू देत नाहीत, तरी बघते.

मास्तरांच्या वर्गात पहिला महिनाभर खिळ्याला हात लावायचा नाही. काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारायची आणि करवतीने कापायचं, एवढंच. मी पहिल्या दिवशी रेघेवरून करवत चालवली. मास्तरांनी तुकडा उचलला आणि विचारलं, “रेघ कुठं हाय?” मी म्हटलं, कापली. तर म्हणाले, “कापाला नव्हती सांगितली. करवत पण लाकूड खाते. रेघेच्या बाहेरून चाल, रेघ दिसली पायजे.” असे मी साठ-सत्तर तुकडे कापले असतील. घरी आई म्हणायची, पोरगी सुतार होणार की सरपण फोडणार? पण महिन्याच्या शेवटी माझी रेघ दिसायला लागली.

मग धार. रंध्याचं पातं दगडावर कसं धरायचं, मनगट का हलवायचं नाही, छिलका सलग निघाला तर धार लागली आणि भुगा पडला तर पुन्हा दगडाशी बसायचं. मास्तरांनी कधी कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. ते छिलका उन्हात धरून बघायचे आणि खाली टाकायचे. आरपार दिसलं असेल तर हळू टाकायचे. आम्हाला तेवढं पुरायचं.

असं सगळं बोलायचं मी ठरवून आले होते, आणि इथेच मास्तरांना दीर्घायुष्य चिंतून खाली बसणार होते. पण मघाशी दोन गोष्टी झाल्या.

एक म्हणजे, चारुताताईंनी मास्तरांची सेवापुस्तिका वाचून दाखवली. एकतीस वर्षांची नोकरी आणि त्यात एकच ठपका, ‘हत्यारांची हेळसांड’. ताई कौतुकाने म्हणाल्या, एवढी चूक तर कुणाचीही होईल, आणि सभागृह हसलं. मास्तरही हसले. दुसरी गोष्ट म्हणजे, शाल-श्रीफळ दिलं तेव्हा मास्तरांनी हातातला नारळ बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. तुम्हाला कुणाला त्यातलं काही कळलं नसेल. मला कळलं, आणि आता गप्प बसणं मला जमणार नाही.

आमच्या करंज्याला खंडेनवमीला बाबा होडीवरची धुतलेली हत्यारं मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि नारळ फोडून पाणी शिंपडतात. लहानपणापासून हेच बघत आले. त्या वर्षी खंडेनवमी गुरुवारी आली. मास्तरांचे भाऊ आजारी होते म्हणून ते दुपारीच शिरढोणला घरी गेले, किल्ली माझ्याकडे देऊन. म्हणाले, “पूजा कर नि कुलूप लाव.” मी मन लावून पूजा केली. चोवीस रंधे आणि सगळ्या पटाश्या बादलीत बुडवून धुतल्या, वर नारळाचं पाणी शिंपडलं, ओल्या झेंडूच्या माळा घातल्या आणि कुलूप लावलं. शुक्रवारी दसरा, पुढे शनिवार-रविवार. पूजेतल्या हत्याराला मध्ये कुणी हात लावत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

सोमवारी कुलूप उघडलं तर चोवीसच्या चोवीस पाती गंजून लाल. झेंडूच्या खाली तर नुसते खड्डे पडले होते. बुधवारी परीक्षा, आणि परीक्षक बाहेरून येणार.

इथे एक सांगायला हवं. मला प्रवेश मिळाला होता तो एका अटीवर. मुलगी हत्यारं वापरणार, तेव्हा काही मोडतोड वा नुकसान झालं तर तिला शिवणाच्या वर्गात पाठवायचं, असं तेव्हाच्या व्यवस्थापकांनी माझ्या अर्जावरच लिहिलं होतं. शिवणकामाला मी कमी लेखत नाही. पण मला सुईत दोरा ओवता येत नाही, अजूनही येत नाही. मला दारं-खिडक्या करायच्या होत्या.

व्यवस्थापक आले, पाती बघितली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत मास्तर दगडावरून मान वर न करता म्हणाले, “मी धुतली. आमच्यात रीत हाय.” व्यवस्थापक म्हणाले, तुम्ही? एवढी वर्षं लोखंड हाताळून? मास्तर म्हणाले, “हां. ध्यानात नाय राहिला.”

आणि मी गप्प बसले. पुढचे दोन दिवस आम्ही सगळे विटेचा भुगा आणि घासलेट घेऊन पाती घासत होतो. परीक्षा पार पडली. मीही पास झाले. मास्तरांना मात्र लेखी ठपका आला. पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली, ती त्या एका कागदामुळे दुसऱ्याला गेली. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, मास्तर, मी खरं सांगून टाकते. तर म्हणाले, “सांगून खड्डे भरतील का? ते पातं आण इकडं.” खरं सांगते, मला बरंच वाटलं. आधी भीती होती, मग नोकरी लागली, मग लाज वाटायला लागली. अकरा वर्षं अशी गेली.

नंतर एका खंडेनवमीला मी घरी पहाटे उठले तेव्हा कळलं. बाबा हत्यारं धुतल्यावर लगेच पुसून त्यांना खोबरेल चोळायचे. आम्ही पोरं उठेपर्यंत ते काम उरकलेलं असायचं. मला फक्त पूजा माहीत होती.

तेव्हापासून या वर्गात खंडेनवमीला हळदकुंकू लाकडी मुठीला लागतं आणि लोखंडाला फक्त तेल. नारळ बाहेर अंगणात फोडतात. नवीन मुलांना वाटतं, ही सुतारांची फार जुनी रीत आहे. नाही बाबांनो, ती माझ्या चुकीची रीत आहे.

गुणाबाई, तुम्ही पदराआड हसताय, म्हणजे तुम्हाला घरी सगळं ठाऊक होतं. मग दर दसऱ्याला मला जेवायला का बोलावलंत?

चारुताताई, मघाशी तुमचं भाषण चाललं होतं तेव्हा मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला एक अर्ज लिहिला आहे. मास्तरांची पुस्तिका आज बंद व्हायच्या आत तो ठपका त्यांच्या नावावरून काढावा आणि माझ्या नावावर लावावा, अशी विनंती आहे. सोमवारपासून वर्ग मला द्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा. मास्तर, मान हलवू नका. या वेळी मी तुमचं ऐकणार नाही.

संस्थेचे, मान्यवरांचे आणि पाचाची बारा मिनिटं झाली तरी घंटी न वाजवणाऱ्या सूत्रसंचालकांचे मी आभार मानते. शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. मला अकरा वर्षं सांभाळून घेतलं आहे, आता नको. जे चुकलं असेल त्यापुढे दमयंती नाखवा असं लिहा. नमस्कार.