यिशुनच्या रुळावर बाबांचा कान

"हॅलो?… हं, बोला ताई… नाही हो, मगाशी मुद्दाम नाही कापला. इथे जरा गडबड झाली… अहो, ऐका तर. आम्ही अजून यिशुन स्टेशनवरच आहोत. प्लॅटफॉर्मवर… नाही, बाबा ठणठणीत आहेत. बाबा नाही पडले. बाबांचं यंत्र पडलं."

स्नेहलने फोन कानापासून वीतभर लांब धरला. तिची नणंद, अंजलीताई, नाशिकहून बोलत होती. खरं तर तिला एवढ्या अंतरासाठी फोनची गरज नव्हती.

"कानाचंच, हो. तुम्ही वाढदिवसाला दिलेलं, तेच… रुळावर. गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या मधे फट असते ना, त्यातून… अहो ताई, एवढीशी फट आहे, त्यातून माणूस कसा जाईल?… हो, धरलंय मी त्यांना घट्ट."

धरलं-बिरलं काही नव्हतं. तिचे सासरे बाबूराव जरा पुढे, प्लॅटफॉर्मच्या कडेच्या छातीएवढ्या काचेच्या दारावर दोन्ही हात टेकून खाली वाकून पाहत होते. जन्मभर त्यांनी भुसावळला मालगाडीवर गार्डाची नोकरी केली. डावा कान इंजिनांच्या शिट्ट्यांनी नोकरीतच खाल्ला, उजवा ताईंच्या यंत्रावर चालत होता. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. गेल्या महिन्यात मुलाकडे, उज्ज्वलकडे, सिंगापूरला आले होते आणि आज सुनेबरोबर चोआ चू कांगला एका ओळखीच्या घरी जेवायला निघाले होते.

"कसं म्हणजे… गाडीत चढताना हातातून निसटलं… हातात का होतं?… अं… खाजत होतं म्हणाले."

खाजत काही नव्हतं. मगाशी ताईंचाच फोन आला होता आणि स्नेहलने तो बाबांच्या कानाशी धरला होता. 'भुसावळचं घर आता विकून टाकू' हे वाक्य आलं, तसा बाबांनी शांतपणे उजवा हात वर नेला आणि यंत्र काढून मुठीत घेतलं. चेहरा मात्र ऐकतोय असाच ठेवला. तेवढ्यात गाडी आली, मागून कुणाच्या तरी बॅगेचा धक्का लागला, मूठ उघडली.

"स्टेशनचा माणूस आलाय ना. फैझल नाव आहे… नाही, रात्रीपर्यंत नाही थांबायचं. तो म्हणाला, चप्पल-छत्री असती तर शेवटची गाडी गेल्यावरच काढली असती. पण चष्मा, औषध, कानाचं यंत्र असलं की तो आधी कंट्रोल रूमला विचारतो… नाही, खाली कोणी उतरत नाही. लांब दांड्याचा चिमटा असतो, वरूनच उचलतात… ताई, मी त्याला 'उडी मार' असं सांगणार नाही. बाजूला विजेचा रूळ आहे… पाच मिनिटांचं काम असेल हो, पण त्याचा जीव काय पाच मिनिटांचा आहे?"

फैझल परत आला तेव्हा बाबूराव दारावर आणखीच ओणवे झाले होते. त्याने त्यांच्या खांद्याला हलकेच हात लावला आणि जमिनीवरची पिवळी पट्टी दाखवली.

"अंकल, बिहाइंड द लाइन, कॅन?"

बाबूरावांना ऐकू आलं नाही, पण समजलं. ते ओशाळून मागे सरले. नोकरीभर लोकांना हेच तर ओरडून सांगत आले होते. मग लाज झाकायला त्यांनी फैझलला भुसावळी मराठीत सूचना द्यायला सुरुवात केली.

"हो, तोच बाबांचा आवाज… सांगतायत, आधी पुढच्या सिग्नलला कळव, मग हात घाल… नाही, त्याला मराठी कुठलं येतंय? पण 'ओके अंकल' म्हणतोय बिचारा… काय? मुद्दाम टाकलं? नाही हो ताई, काहीतरीच… नाही… बरं, काढलं मात्र मुद्दाम. टाकलं नाही… कारण तुम्ही घराचं काढलंत… मी त्यांची बाजू नाही घेत… बरं, घेते."

बाबूरावांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. हात पुढे केला.

"अंजली ना? दे इकडे."

तिने कानाकडे बोट दाखवून मान हलवली.

"म्हणूनच दे," ते म्हणाले.

"हॅलो, अंजली? मला काहीच ऐकू येत नाहीये, तेव्हा तू बोलून दम घालवू नकोस. आज मी बोलतो… घर विकायचं नाही. इथे मी मजेत आहे. सून चांगली आहे, शेजारी चांगले आहेत. पण स्नेहल सकाळी विचारते, बाबा, चहा ठेवू का? प्रेमानेच विचारते. मला माझा चहा मला हवा तेव्हा, कुणी न विचारता करून प्यायचाय… पौर्णिमेला विहारात सतरंज्या मी घालतो. मी नसलो की त्या तिरक्या पडतात… मी तुझ्याकडे येईन, इथेही येईन. पण माणूस परत कुठेतरी जाणारा असला, तरच त्याला पाहुणा म्हणतात ना? तुम्ही बहीणभाऊ भांडता, बाबा कुणाकडे राहणार. बाबा बाबांकडे राहणार… आता तू ओरडत असशील. ओरड. यंत्र मिळालं की ऐकतो."

स्नेहल दुसरीकडे बघत राहिली. चहाचं तिला लागलं होतं, आणि हसूही येत होतं.

एवढ्यात फैझलच्या वॉकीटॉकीवर कुणीतरी काहीतरी म्हणालं. त्याने किल्लीने काचेचं दार उघडलं. त्याच्याबरोबर आलेल्या जोडीदाराने टॉर्च धरला, एक नजर गाडी येणाऱ्या दिशेला ठेवली. फैझलने चिमटा खाली सोडला. एकदा नुसता कागदाचा कपटा वर आला. दुसऱ्यांदा यंत्र आलं. फैझलने ते टिश्यूने पुसलं आणि दार लावून घेतल्यावरच बाबूरावांच्या तळहातावर ठेवलं.

"सेफ आलरेडी, अंकल."

बाबूरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मग फुंकर मारून यंत्र कानात बसवलं, ते कुईं करून वाजलं, आणि त्यांनी फोन पुन्हा कानाशी नेला.

"हं, बोल आता… हॅलो?… अंजली?… हॅलो?… स्नेहल, बिघडलं गं हे. काहीच येत नाहीये."

स्नेहलने फोन घेऊन ऐकला. पलीकडे नाशिकच्या घरातला पंखा गरगरत होता आणि त्याखाली कुणीतरी नाक ओढत होतं.

"बाबा, यंत्र चांगलं आहे," ती म्हणाली. "ताईच बोलत नाहीयेत."

बाबूरावांनी फोन अलगद घेतला.

"अंजे… रडतेस काय, वेडे?… हं… हं… नाही गं, तुझ्यावर राग कसला?… मला कधी विचारलंस तू?… मग तेव्हा यंत्र काढलेलं असेल मी… हो… हो, एकटाच असतो, पण पडलो तर शेजारी आहेत की… रोज करीन फोन… रोज म्हणजे रोज… काय म्हणालीस?… जरा मोठ्याने बोल, गाडी येतेय."

गाडी आली. बाबूरावांनी फोन स्नेहलकडे दिला, उजवा कान तळहाताने गच्च झाकला आणि ती फट जपून ओलांडली. फैझलने बाहेरून हात हलवला.

"हॅलो? ताई, मी स्नेहल. चढले बाबा… हो, यंत्रासकट… हो… नक्की ना?… बरं, सांगते… ताई?… हॅलो?"

फोन कट झाला होता. बाबूरावांना एका मुलीने उठून जागा दिली होती. स्नेहल त्यांच्यापाशी वाकली.

"बाबा, ताई म्हणाल्या, घर नाही विकायचं."

"ऐकलं मी ते," बाबूराव म्हणाले. "तरी पुन्हा सांग."