डबलसीट वेरूळ

तो शुक्रवार रोजच्यासारखाच होता. वडलांना, म्हणजे अण्णा गुरुजींना, जेवायला बोलवायला सत्यशीला पालमच्या स्टँडामागच्या गॅरेजवर आली आणि आतलं बोलणं ऐकून ताडपत्रीआडच थांबली.

"गुरुजी, सिलिंडरचे पोर्ट घासू द्या. ऐंशीनं पळंल जुनी स्कूटर."

"बन्सीधर, पळवायची न्हाई, वढायची हाय. डबलसीट वेरूळचा घाट चढली पाहिजे."

"मग बैल जोडा की!"

"जोडला असता, पन तू पडलास मिस्तरी."

"असं व्हय! मग क्रँक बदलून स्ट्रोक लांब करतो, पुलिंग लय वाढंल. मागं कोन बसनार?"

"सत्यशीला. लेण्यांची पुस्तकं वाचून चष्मा लागला तिला. एकदा दावून आनतो."

"येते म्हनली का?"

"इचारलं कुठं अजून? आधी इंजन होऊ दे. चढ आला की खाली उतर म्हनायचं, बरं दिसतं का?"

सत्यशीला हसू दाबत मागं फिरली. विचारतील तेव्हा नवल वाटल्यासारखं करायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्याच पहाटे अण्णा झोपेतच गेले.

महिन्यानं बन्सीधरनं गाडी दारात आणली. पहिल्याच किकेत इंजिन लागलं.

"ताई, चालवून बघता?"

सत्यशीला मागच्या सीटवर बसली.

"येते मी, अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली.