मंगळाच्या विवरातला बर्फ आणि एक शाल

खर्र... खर्र... खर्र...

थांबा, माईक बिघडलेला नाही. हा आवाज मीच काढला. बर्फाच्या लादीवर करवत फिरते तेव्हा असा आवाज येतो. लिंबायतच्या आमच्या मराठी शाळेसमोर बर्फाची वखार होती. मी सातवीच्या वर्गाला कविता शिकवायला उभा राहिलो की नेमकी तिकडे करवत सुरू व्हायची. इकडे चांदण्याची ओळ, तिकडे खर्र. आज या हॉलच्या पायऱ्या चढताना तो आवाज पुन्हा कानात आला, म्हणून रीतीच्या आधी तोच बाहेर पडला. आता रीत.

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या समाजमंडळाचे प्रमुख सन्माननीय गजेंद्रभाऊ, कामरेजहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे श्रीकांतशेठ, व्यासपीठावरची मान्यवर मंडळी, समोर बसलेल्या माताभगिनी आणि बंधू, तसंच मागे उभं राहून जेवणाच्या वासावर लक्ष ठेवणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थ्यांनो, या जुन्या मास्तराचा सगळ्यांना नमस्कार.

आजचा सत्कार आपल्या योगिताचा. ती इथे नाही, ते का, त्याकडे मी येणार आहे. गजेंद्रभाऊ, घड्याळ बघू नका, येणार आहे.

योगिता खिडकीपाशी बसायची. एकदा मी एका ओळीवर अगदी रंगात आलो होतो आणि ही बाहेर बघत म्हणाली, "गुरुजी, तो माणूस बर्फावर भुसा का घालतो?"

"वितळू नये म्हणून," मी म्हटलं.

"मग भुशाखाली किती दिवस टिकेल?"

कवितेच्या मास्तराला हे काय विचारायचं? मी म्हटलं, "योगिता, पुढची ओळ म्हण." तिनं म्हटली, सुंदर म्हटली, पण नजर वखारीवरच.

तीच मुलगी आता अहमदाबादेत बसून मंगळाचे फोटो वाचते. कधी काळी उल्का आदळून मंगळावर मोठमोठी विवरं पडली. त्यांतल्या काही विवरांच्या तळाशी जमीन सपाट नाही, तिला सुरकुत्या आहेत. दुधावरची साय बोटानं सरकवली की घड्या पडतात ना, तशा. ज्या उतारावर ऊन कमी पोहोचतं तिथून बर्फ खाली सरकतो आणि पुढे दगडमातीच्या कमानी ढकलून ठेवतो. नववीच्या भूगोलात त्यांना हिमोढ म्हणत. आणि बर्फ दिसत नाही बरं का, वर धुळीचा जाड थर असतो. योगिता मला फोनवर म्हणाली, "गुरुजी, भुसाच आहे तो." मंगळाचा आस लाखो वर्षांत कलत राहतो, त्याबरोबर बर्फ येतो आणि ओसरतो. आला किती वेळा, गेला किती वेळा, हे ती या सुरकुत्यांवरून लावते. जन्मभर मी मुलांना ओळींमधलं वाचायला शिकवलं. ते इतक्या लांब जाऊन कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

आता कृपा करून मान वळवून माझ्या पाठीमागचा हा बॅनर बघा.

साडीच्या कापडावर छापलाय, कडेला जरीची वेलबुट्टी आहे, मधोमध गजेंद्रभाऊंचा हात जोडलेला फोटो आहे, आणि कोपऱ्यात योगितानं पाठवलेलं विवर. ते विवर जेवणाच्या थाळीसारखं गुळगुळीत आहे. एक सुरकुती नाही. मी दुपारी डिझाइनवाल्या संदीपला विचारलं, बाबा रे, रेघा कुठे गेल्या? तो अगदी अभिमानानं गुजरातीत म्हणाला, "गुरुजी, करचली बहु हती, साफ करी नाखी." साडीची डिझाइन स्कॅन केली की डाग-सुरकुत्या पुसायच्या, हा त्याचा रोजचा धंदा. त्यानं हिचा बर्फही पुसून टाकला. संदीपवर माझा राग नाही. मोबदल्याशिवाय रात्रपाळी करून त्यानं हे केलं. हसा, मीही हसलो.

पण त्यानंतर कार्यक्रमपत्रिका हातात आली आणि हसू गेलं. मला शिसारी आली. सत्काराच्या व्यासपीठावर हा शब्द शोभत नाही, मला कळतं. दुसरा सापडला नाही.

बॅनरवर लिहिलंय 'मंगळकन्या'. हा शब्द कोणाला सुचला? कारण याच हॉलमध्ये, याच व्यासपीठावर, बारा-चौदा वर्षांपूर्वी वधू-वर मेळावा झाला होता. तुमच्यातले पुष्कळ जण होते, मीही होतो. योगिता कॉलेजात होती. तिचं नाव, शिक्षण, गोत्र वाचून झालं आणि मग माईकवरून, साऱ्या सभेसमोर, "मुलीला कडक मंगळ आहे." तिचं लग्न आधी मातीच्या घड्याशी लावा, मग स्थळ बघू, असा सल्लाही इथूनच दिला गेला. तिची आई शेवंताबाई साड्यांना स्टोन लावून घर चालवायची. ती उभी राहून म्हणाली, "घड्याशी नाही लावायचं. पोरीला शिकायचंय." तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीतून उत्तर आलं, "मग पाठवा तिला मंगळावरच."

काय हशा पिकला होता. पंख्यांचा आवाज ऐकू येईना. शेवंताबाई पोरीचा हात धरून पायऱ्या उतरली, तिच्यामागे मी. खाली पोचल्यावर ती एवढंच म्हणाली, "गुरुजी, ह्या पायऱ्या मी पुन्हा चढाव नही." आणि चढली नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणंही गेलं नाही.

तेव्हाचे अध्यक्ष आजही अध्यक्ष आहेत. भाऊ, तुम्ही त्या दिवशी विनोद केलात, असं तुम्ही म्हणाल. असेल. पण ज्या शब्दानं पोरीला खाली बसवलं, तोच शब्द आता जरीच्या काठात छापून मिरवायचा, याला काय म्हणायचं?

आई ज्या पायऱ्या चढत नाही त्या योगिताही चढत नाही, तिनं फक्त निरोप पाठवला होता. माझ्यासमोर वाचला गेला. "सत्कार माझ्या आईच्या हाती द्या, नाहीतर राहू द्या." साधं मराठी आहे, माझ्याच वर्गातलं. आणि पत्रिकेत काय छापलं? 'योगिताताईंच्या वतीने सत्कार मा. गजेंद्रभाऊ स्वीकारतील, शाल गुरुजींच्या हस्ते.'

म्हणजे मी ही शाल उचलून तुमच्या खांद्यावर घालायची.

चिठ्ठी पाठवू नका, भाऊ. चष्मा आत ठेवलाय, वाचता येणार नाही.

मी काल शेवंताबाईकडे गेलो होतो. म्हटलं, तू ये, शाल तुझीच आहे. ती स्टोन चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "गुरुजी, त्यासनी बोलावं का मले?" "नाही, बोलावणं नाही," मी म्हटलं. "मंग? मी नही येवाव. तुम्ही जेवी या." एवढं बोलून तिनं मला चहा दिला.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. ही शाल मी कोणाच्याही खांद्यावर घालणार नाही. घडी करून इथे टेबलावर ठेवतोय. जिची आहे तिला मिळाली तर समारंभ झाला. नाही मिळाली तर आपण सगळे फक्त जेवायला जमलो होतो.

श्रीकांतशेठ, आपल्याला लांबून बोलावून हे ऐकवलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. मंडळानं जुन्या मास्तराची आठवण ठेवली, त्याबद्दल आभार. बोलण्यात कुठे जीभ घसरली असेल, मान्यवरांच्या मानाला धक्का लागला असेल, तर माझं वय जमेस धरून पोटात घाला. मात्र जे पोटात घालण्यासारखं नाही ते...

काय झालं? मागे सगळे का वळलात?

अरे, दार सोडा जरा. वाट द्या, मला दिसत नाही. कोण आहे?

शेवंताबाई.

वर ये म्हणत नाही मी, बाई. तू तिथंच उभी राहा, दाराबाहेर, पायऱ्यांच्या खाली. हातातली पिशवी ठेव खाली.

गजेंद्रभाऊ, ही शाल घ्या. ती चढणार नाही. तुम्ही उतरा.