बापूस मान हलवायचा

माझं नाव सुमन, जन्म भिवंडीजवळच्या शेलार गावचा. आमचं घर भातशेतीचं, म्हणजे चार महिने चिखलात आन बाकीचे महिने दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर. माझा बापूस भिवंडीत, निजामपुऱ्यात, कापडाच्या लूमवर कारीगर व्हता. एक आठवडा दिवसाची शिफ्ट, एक आठवडा रात्रीची, आन जाणं-येणं पायी. मी सांगते ती सत्तर सालानंतरची गोष्ट, तवा ही गोदामं नव्हती, पार पूर्णा गावापतूर नुसती शेतं, आन भिवंडी म्हटली की आम्हा पोरांना आधी आवाज आठवायचा, लूमचा, खटखट खटखट, गल्लीत शिरलं की पायाखालची जमीन हालतीय असं वाटायचं. त्या आवाजात माझ्या बापसानं जवानी काढली. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातनंच आलं.

तर बापूस. काय सांगू तुम्हाला, त्याचा धाक असा की त्याच्या चपला ओटीवर वाजल्या की आयस नुसतं बोट तोंडावर ठेवायची, की मी आन माझा धाकटा भाऊ चिडीचूप. तो यायचा, जेवायचा, झोपायचा. मला नावानं हाक मारलेली आठवत न्हाय, ए पोरी, बस. काही विचारलं तर उत्तर न्हाय. परत विचारलं तर डोळे वटारायचा. आन त्यानं काही विचारलं आन मी हळू बोलले, की कानाखाली, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस, मोठ्यानं बोल. मोठ्यानं बोलले की आयस धावून यायची, बापासमोर आवाज चढवतेस? मंग मी करायचं तरी काय, सांगा तुम्ही.

चौथीला माझा पहिला नंबर आला. गुरुजींनी पाठीवर थाप मारली, मी तशीच पळत सुटले, बापूस बांधावरनं पुढं चाललेला, खांद्यावर कुदळ. मी मागनं ओरडत गेले, बाबा, बाबा, माझा पहिला नंबर. त्यानं वळून बी बघितलं न्हाय. चालत ऱ्हायला तो. मी तिथंच बांधावर थांबले, आन मनात बोलले, बरं, तू माझा बाप न्हाय आन मी तुझी पोर न्हाय. त्यानंतर मी आपणहून त्याच्याशी बोलणं सोडूनच दिलं. त्याला कळलं बी नसंल. त्याचाच मला जास्ती राग.

गावातली शाळा सातवीपतूर. पुढं भिवंडीला जायाचं. आयसकरवी विचारलं तर बापूस एवढंच बोलला, पोरीनं गावाच्या भायेर जायाचं न्हाय, कांड्या भरायला शिकव तिला. तवा बायका घरी बसून लूमच्या कांड्या भरायच्या, दोऱ्याच्या. मी आयसला बोलले, मी कांड्या भरणार न्हाय. आयस बोलली, मना नको सांगू, तुझ्या बापसाला सांग. आन तिथंच तर सगळं अडत व्हतं ना!

त्याच उन्हाळ्यात आयसला ताप आला, उठवंना तिला, म्हणून दुपारचा डबा घेऊन मी गेले निजामपुऱ्यात. कारखान्यात पाय ठेवला तो पहिल्यांदा. आतमधी आवाज असा की आपण ओरडलेलं आपल्यालाच ऐकू येत न्हाय. आन तिथं बघितलं तर काय, सगळी माणसं हातानं बोलत व्हती. धागा तुटला की दोन बोटं फाकवायची, चहा आला की अंगठा तोंडाकडं, शेठ आला की दाढीवरनं हात. आन सगळ्यात जास्ती कोण बोलत व्हता माहिती हाय? माझा बापूस. हसत व्हता हो! तीन लूम सोडून पलीकडल्या माणसाची नक्कल करत व्हता, आन तो माणूस पोट धरून हसत व्हता. मी डबा धरून उभीच. एक रहीमचाचा व्हते तिथं, कित्येक वर्सं बापसाच्या शेजारच्या लूमवर, त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, अरे बेटी, तेरा बाप तो पूरे कारखाने को हँसाता है. मी म्हटलं, हा? हा माणूस?

मंग लाईट गेली. लूम एकदम बंद. आन शांत झालं तसे सगळे तोंडानं बोलायला लागले, कुणी बिडी पेटवली, कुणी गावाकडच्या गोष्टी काढल्या. आन माझा बापूस गप झाला. मघाचा माणूस गेला आन आमच्या घरातला माणूस येऊन बसला. एकानं मागनं त्याला काही विचारलं, त्यानं वळून बघितलं न्हाय. मला तो बांध आठवला.

लाईट काही येईना, शेठनी सुट्टी दिली, आम्ही दोघं घरी निघालो, तो पुढं, मी मागं. मोठ्या रस्त्याला लागलो आन मागनं ट्रक आला, हॉर्नवर हॉर्न, रस्त्यावरची कुत्री बी पळाली, हा आपला मधनं चाललेला. मी पळत जाऊन त्याचा सदरा धरला आन असा ओढला की आम्ही दोघं बी कडेच्या नाल्यात पडलो. ट्रकवाला शिव्या घालत गेला. बापूस उठला, मला वाटलं आता मारतो. तो माझ्याकडं बघत ऱ्हायला. मी तोंड त्याच्यासमोर केलं आन सावकाश विचारलं, बाबा, ऐकू येत न्हाय का तुमाला? तो खाली बसला, तिथंच, नाल्याच्या काठावर. बोलला, कुणाला सांगू नको. आयसला बी न्हाय. कारखान्यात कळलं तर बोलतील, ज्याला लूमचा बिघाड ऐकाया येत न्हाय तो कारीगर कसला. आन गावात भैरा बोलतील मना.

एवढं तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

आता तुम्हाला वाटेल, कळलं, आन सगळं गोड झालं. न्हाय. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पुढ्यात जाऊन बसले, तोंडासमोर तोंड, आन बोलले, मला भिवंडीच्या शाळेत जायाचंय. त्याला नीट कळलं, शब्द न् शब्द कळला, आन तो बोलला, न्हाय. म्हणजे तो कडक व्हता तो काही कानामुळं नव्हे, कडक तो व्हताच. पर माझी भीती गेली व्हती. आधी वाटायचं भिंतीशी बोलतेय, आता कळलं माणूस हाय, आन माणसाशी भांडता येतं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी त्याची दिवसपाळी व्हती. तो निघाला, मी दप्तर घेऊन मागं. गुरुजींनी दाखला देऊन ठेवलेला, आयस घाबरली व्हती पर तिनं भाकरी बांधून दिली. गावाच्या भायेर त्यानं मला बघितलं, हात केला, घरी जा. मी उभी ऱ्हायले. तो चालला, की मी चालले. परत वळला, ढेकूळ उचललं, फेकलं, माझ्या पायाशी येऊन फुटलं. मी ढेकळावरनं पाय टाकून पुढं. असं पार मोठ्या रस्त्यापतूर. तिथं गाड्या सुरू व्हत्या. तो थांबला. मी गेले आन त्याच्या त्या अंगाला चालायला लागले, जिकडनं गाड्या येतात. शाळेच्या फाटकाशी आलो तवा बोलला, सुटल्यावर हितंच थांब, एकटी येऊ नको. बस, झाली परवानगी.

तिथनं पुढं आम्ही रोज चालायचो. गाडी आली की मी त्याचा दंड दाबायची. वाटेत तो मला कारखान्यातले हात शिकवायचा. रातपाळी असली की तो सकाळी घरी यायला निघालेला असायचा आन मी शाळेला, मधे कुठंतरी भेटायचो, डोळे लाल, केसात कापूस. आन तो माणूस, रातभर उभा राहून आलेला, तिथनं उलटा फिरायचा आन मला शाळेपतूर सोडून मग घरी जायाचा. मी सांगायची, बाबा, जाते मी, तुम्ही झोपा. तो ऐकलं नसल्यासारखं करायचा. ते बहिरेपण न्हाय हां, ते सोंग. मला फरक कळायला लागला व्हता.

पर गावात त्यानं कुणाला कळू दिलं न्हाय. ओटीवर माणसं बसली की बापूस त्यांच्या तोंडाकडं बघत ऱ्हायचा, ती हसली की हसायचा, बोलायची थांबली की मान हलवायचा. सगळे बोलायचे, बाळाराम कमी बोलतो पर समजूतदार हाय.

मी दहावीला गेले तवा तात्या आले, बापसाचे थोरले भाऊ, बरोबर पूर्ण्याची दोन माणसं आन आमच्या भावकीतले चारपाच. मी आतनं चहा करत ऐकत व्हते. पूर्ण्याचा पोरगा, घरची शेती, दिवाळीनंतर उरकून टाकू, पोर मोठी झाली, शाळा बस झाली. तात्या बापसाच्या पुढं बसलेले, तोंड पूर्ण्यावाल्यांकडं, बापसाला नुसती त्यांची पाठ. तात्या बोलून थांबले. सगळे बापसाकडं बघायला लागले. आन बापसानं मान हलवली.

झालं. तात्या बोलले, घ्या, बापानं होकार दिला, गूळ आणा.

आयस गूळ काढायला उठली, रडत व्हती पर उठली. मी तिचा हात धरला. बाप्या माणसांच्या बैठकीत पोरीनं जायाचं नसतं, तवा तर न्हायच. मी गेले. सगळ्यांच्या मधी जाऊन बापसाच्या समोर उभी ऱ्हायले आन तोंडानं काही न बोलता हातानं सांगितलं. माझ्याकडं बोट. मंग कपाळाला मुंडावळ्या. मंग पुस्तक मिटल्यावानी दोन हात. मंग त्याच्याकडं बोट, आन त्याची मान हलवलेली दाखवली. तात्या ओरडले, ही पोर काय येडेचाळे करतेय? मी हातच करत ऱ्हायले. परत. परत पहिल्यापासून.

बापसाचं तोंड पांढरं पडलं. त्याला मला वाचवायचं तर स्वतःला उघडं पाडायचं, आन ज्या गोष्टीला तो इतकी वर्सं जपत आला ती त्याच लोकांसमोर. मी त्याच्या डोळ्यांत बघत व्हते. मला खरंच माहिती नव्हतं तो काय करील.

तो उठला. आवाज मोठा निघाला त्याचा, त्याला अंदाज नव्हता ना. बोलला, तात्या, मना ऐकाया येत न्हाय. किती वर्सं झाली, येत न्हाय. तुमी काय बोललात मना ठाव न्हाय. मी मान हलवली ती खोटी. पोर मॅट्रिक होईल, तिला पुढं शिकायचं तर शिकंल, तवर माझ्या घरात लग्नाचा शबुद काढायचा न्हाय. आन पूर्ण्याच्या पाहुण्यांना हात जोडून बोलला, चहा घेऊन जा.

कुणी हसलं, मागं. तात्या चपला घालून निघाले ते पुढं खूप दिवस आमच्याकडं आले न्हाय. आठ दिवसात गाव त्याला भैरा बाळाराम बोलायला लागलं, अगदी तोंडावर, कारण त्याला कुठं ऐकू येतंय. तो दुसऱ्या दिवशी आपणहून शेठकडं गेला आन सांगितलं. शेठ आमचे कोकणी मुसलमान, जुनं घर, त्यांनी लूमवरनं काढलं पर कापडाचे तागे घडी करायच्या कामाला ठेवलं. लूम सुटल्याचं त्याला लागलं. मला दिसायचं.

मी मॅट्रिक झाले. मंग नर्सबाईचं शिक्षण घेतलं, ठाण्याला ऱ्हाऊन, आन पुढची सगळी नोकरी ह्याच गावांतनी केली, डोस, बाळंतपणं, पावसात होडीनं बी गेलेय बाळंतिणीकडं. लग्न केलं, माझ्या मर्जीनं, नवरा बरा मिळाला. बापूस म्हातारा होऊन गेला. शेवटपतूर कडक. जेवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा. मला शाबास म्हटलं न्हाय कधी. मी वाट बघितली हां, खोटं कशाला बोलू, नोकरी लागली तवा बघितली, माझा पोरगा झाला तवा बघितली. न्हाय बोलला. नसंल येत त्याला. मी आता त्याचा हिशोब धरत न्हाय.

आता रिटायर होऊन बी झाली वर्सं. गुडघे गेलेत, तरी शेजारपाजारच्या बायका रक्तदाब बघायला हितं येतात, मी बघते आन गोळ्या चुकवल्या म्हणून ओरडते. माझा पोरगा बोलतो, आई, तू लई कडक हाय. सून बोलत न्हाय पर तिच्या मनात तेच. मी बोलते, हाय बाबा, तशीच हाय मी. पर त्याला बोलू देते, पुरं बोलू देते, हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याकडं तोंड करून बसते. तेवढं मी नेमानं केलं, पहिल्यापासून.

चहा घ्या, गार झाला बघा. तुम्ही लांबनं आलात माझं ऐकायला, तुमच्या पोराबाळांचं बरं होवो.