नर्सबाईंचा सरकारी हंस

...नाही, तुम्हीच सांगा! नदी दुथडी भरलेली, पलीकडच्या गावात सोमारीला नववा सरत आलेला, आणि नर्सला तिथवर जायला सरकारनं होडी म्हणून काय पाठवावं? हंस! पांढराफेक, फायबरचा, लाल चोचीचा, पायानं पॅडल मारायचा... बागेतल्या तळ्यात नवराबायको बसतात ना, तो हंस!

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं गडचिरोलीत बातमीदारी केली, पण इतकी किळस कधी आली नाही. आधी कसं होतं? पावसाळ्यापूर्वी नदीकाठचा कोलू लाकडाचा डोंगा कोरायचा, आरोग्यवाले तो घ्यायचे, नर्स दीपिका त्यातून गावं करायची. खाबूगिरी होती? होती की, मीच छापली! पण डोंगा तरंगायचा हो!

मग सरकारी खरेदी ऑनलाइन पोर्टलवर गेली. आरोग्य खात्याच्या साहेबांना 'बदल स्वीकारा' म्हणून तीन दिवस प्रशिक्षण, वर बॅग फुकट. बदल काय झाला? गुणवंतराव बाबू आधी सगळं कागदावर काढणार, त्यावर साहेबांची सही घेणार, मग त्याच कागदाचा फोटो पोर्टलवर चढवणार! आणि साहेबांची डिजिटल सही? बाबूंच्या ड्रॉवरमध्ये, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पुडीशेजारी! विचारलं तर म्हणे, "सिस्टीम बदलली ना भाऊ आता!"

"अन् हंस कुठून आला?"

"यादीत डोंगा नव्हताच भाऊ. 'नौका, दोन आसनी' दिसली, मारली टिचकी. पाखरू येते हे मले का मालूम?"

"परत पाठवा की!"

"'माल मिळाला'चं बटण दाबून टाकलं. आता मागं जात नाई. सिस्टीम बदलली ना!"

मग कोलूकडूनच घ्या! तर त्याची नोंदणी नाही. नोंदणीला ईमेल लागतो. कोलू म्हणतो, "मले तं लाकूड लागते!"

तेवढ्यात सोमारीला कळा सुरू. दीपिका बसली हंसात. हंस पुढे जाईना, जागच्या जागी गरगर फिरायला लागला, ती आतून ओरडतेय, "कोलूभाऊ, पकडा याले!" कोलूनं दोर टाकून तिला ओढली, स्वतःचा जुना, डांबर फासलेला डोंगा काढला आणि पलीकडे नेलं. सोमारी मोकळी झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत.

आणि दीपिकेला काय मिळालं? नोटीस! शासकीय नौका उपलब्ध असताना खासगी डोंगा का वापरला? तिनं वैतागून लिहून टाकलं, 'हंस आजारी होता.'

काल उत्तर आलंय. ऑनलाइन बरं का, सिस्टीम बदललीय ना... 'हंसाचा वैद्यकीय दाखला जोडावा.'